पिंपातलं पाणी

सत्तार मिस्त्रींबद्दल मी याआधी एकदाच लिहिलं आहे. टाईप केलेलं दीड पान होतं, खाली माझी सही होती आणि त्यात मिस्त्रींविषयी जे एक वाक्य होतं ते खोटं होतं. त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मधल्या काळात मी त्यांच्याविषयी कुणाशी बोललो नाही. घरात विषय निघाला तर उठून जात असे.

दिग्रसला बसस्थानकाच्या मागे, पत्र्याच्या एका शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. ज्याचं डिझेल इंजिन बिघडलं त्याला पाटीची गरज नसे, आणि इतरांनी येऊ नये असंच मिस्त्रींना वाटे. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, मेंदीने तांबूस झालेली दाढी, खिशाला तेलाचे जुने डाग पडलेला सदरा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते माणसाला त्याच्या इंजिनावरून ओळखत. ‘आठ हॉर्सपावरवाले पाटील’, ‘फुटक्या टाकीवाला मास्तर’. मी यवतमाळच्या एका संस्थेत इंजिनिअर होतो, गावोगावच्या डिझेल इंजिनांना गोबरगॅस जोडून देण्याचं काम करत होतो, म्हणून मी ‘गोबरगॅसवाले साहेब’. शेवटपर्यंत त्यांना माझं नाव येत नव्हतं. माझ्या सहीखालचं नाव त्यांनी वाचलं असेल तर तेवढंच.

पुसदच्या वाटेवर थोडं आत वळलं की एक बंजारा तांडा लागतो. तिथे गाईगुरं भरपूर, शेण भरपूर. आमच्या संस्थेने तिथे गोबरगॅसचा मोठा घुमट बांधला आणि पिठाची चक्की चालवणाऱ्या इंजिनाला गॅसची नळी जोडली. कागदावर सगळं बरोबर होतं. हवेबरोबर गॅस आत जाईल, डिझेल कमी लागेल. पण इंजिन एकसारखं चालेना. मध्येच धापा टाकायचं, मध्येच हातोडा मारल्यासारखं ठोकायचं. चार दिवस मी माझी उपकरणं लावून बसलो होतो. चक्की चालवणारा देविदास राठोड चौथ्या दिवशी दोन्ही मुठी माझ्यासमोर उघडून उभा राहिला.

“साहेब, हे पाहा. याच्यातून एक मूठ पीठ पडते अन् एक मूठ कण्या. बायको विचारून राह्यली, भाकर करू का कण्या शिजवू?”

दुसऱ्या दिवशी तोच मिस्त्रींना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला.

मिस्त्रींनी आल्याबरोबर चहा मागितला. मला वाटलं, आता हा माणूस तासभर गप्पा मारणार. चहा आला तेव्हा त्यांनी तो बशीत ओतला आणि बशी चालू इंजिनाच्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवली. मग समोर उकिडवे बसून बशीतल्या चहाकडे बघत राहिले. चहावर तरंग उठत होते, मध्येच तुटत होते, मध्येच उसळून बशीबाहेर सांडत होते. माझ्या उपकरणांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“गॅस आळशी हाय, साहेब,” ते म्हणाले. “डिझेल कसं, ताव लागला की उठते. याले हाक मारली तरी हा कूस बदलते. याले थोडं आधी उठवा लागते.”

त्यांनी इंजिन बंद करून डिझेल पंपाखालची एक पातळ पत्री काढली, पंप परत बसवला, म्हणजे डिझेलची फवारणी किंचित आधी होऊ लागली. गॅसच्या नळीवर त्यांनी स्वतःच्या बोटांनी चावी फिरवली, केसभर इकडे, केसभर तिकडे. पुन्हा बशी. तीन बशा चहा असा थंड झाला आणि जमिनीवर ओतला गेला. चौथ्या बशीवरचे तरंग गोल, सारखे, एकामागे एक निघून काठाला लागू लागले तेव्हा त्यांनी बशी उचलली आणि चहा पिऊन टाकला.

“आता लाव तुही चक्की, देवा.”

देविदासने पिठात हात घातला आणि हसला. “चाचा, आता भाकरच करा लागते.”

त्यानंतर दोन वर्षं मिस्त्री आमच्या कामात होते. संस्थेच्या कागदांवर त्यांचा उल्लेख ‘स्थानिक सहायक’ असा व्हायचा. खरं म्हणजे सहायक मी होतो.

मी हट्टी होतो. अहवालात आकडा मोठा दिसावा म्हणून एकदा मी डिझेल आणखी कमी करून जवळजवळ सगळंच काम गॅसवर ढकललं. मिस्त्री नको म्हणत होते. “गॅस पाव्हणा हाय. पोटभर जेवू द्या त्याले. पण दिवा लावायले घरचा माणूस लागते. डिझेल घरचं हाय. त्याले एवढं उपाशी नका ठेवू.” मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत इंजिन काळा धूर ओकू लागलं. मिस्त्रींनी नोझल उघडलं, पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. टोक जळून निळं पडलं होतं. नोझलमधून जाणारं डिझेलच त्याला थंड ठेवतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तळहातावर ठेवलं तेव्हा समजलं. त्यांनी मला काही सुनावलं नाही. नवं नोझल बसवताना फक्त म्हणाले, “जीभ भाजली बिचारीची.”

करंजाच्या तेलावर इंजिन चालवायचं वेड त्यांचंच. आमच्या बांधांवर करंजाची झाडं उभी असतात, शेंगा पडून सडतात, याचं त्यांना वाईट वाटायचं. घाण्यावरून काढलेलं तेल जाड असतं, म्हणून त्यांनी तांब्याची नळी सायलेन्सरभोवती गुंडाळली; धुराच्या उष्णतेने तेल पातळ होऊन पंपात जाई. सुरू करायचं डिझेलवर, मग तेलावर घ्यायचं, आणि बंद करायच्या आधी पाच मिनिटं पुन्हा डिझेलवर, म्हणजे नळीत तेल राहून गोठत नाही. आठ हॉर्सपावरवाल्या पाटलांनी ही शेवटची पाच मिनिटं खाल्ली आणि इंजिन जाम करून ठेवलं. मिस्त्री गेले तेव्हा पाटील ओट्यावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होते.

“पाटील, रात्री खर्रा तोंडात ठेवूनच झोपता का?”

“छ्या! चूळ भरतो ना.”

“मंग यानं काय पाप केलं? याले काहून खरकट्या तोंडानं झोपवता?”

पाटील चिडले, मग हसले, मग आठवणीने चूळ भरून द्यायला लागले. त्या भागात अजूनही जुनी माणसं इंजिन बंद करण्याला ‘चूळ भरणं’ म्हणतात असं मला कुणीतरी सांगितलं. खरंखोटं माहीत नाही. खरं असावं असं वाटतं.

आता पिंपाचं.

गोबरगॅसमध्ये कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा एक वायू असतो. तो इंजिनाला आतून खातो. त्याच्यासाठी मिस्त्रींनी एक पिंप केलं होतं. लेथवर निघतो तो लोखंडाचा कीस आणून, गंजवून, त्यात भरायचा. गॅस त्या किसातून गेला की घाण वायू किसात अडकतो आणि साफ गॅस इंजिनाला मिळतो. महिन्या-दीड महिन्याने कीस काळा पडतो. मग तो बाहेर काढून हवेवर पसरला की पुन्हा तांबडा होतो, पुन्हा वापरता येतो. मात्र हा काळा कीस हवा लागताच तापतो. ढीग कोरडा असेल तर आतल्या आत धगधगतो आणि पेटतोसुद्धा. म्हणून मिस्त्रींचा नियम होता: दोन्हीकडच्या चाव्या बंद करायच्या, पिंपात पाणी भरायचं, नऊ बादल्या, आणि एक दिवस भिजू द्यायचं. मग पाणी सोडून लगेच, ओला असतानाच, सावलीत गोणपाटावर पातळ पसरायचा. काढण्याआधी ते बोट खोल घालून पाहायचे. “पोराच्या अंगावरून ताप पाह्यतो ना, तसं.”

त्या एप्रिलमध्ये आमच्या संस्थेला मदत देणारी मोठी माणसं तांड्यावर येणार होती. त्यांनी पाहून होकार दिला तर वीस गावांचं काम मिळणार होतं, आणि त्या कामाचा प्रमुख मी होणार होतो. पाहुणे परवा येणार असं ठरलं होतं, म्हणून मिस्त्रींनी संध्याकाळी कीस भिजत घातला. देविदास तेव्हा गुरांमागे गेला होता. मिस्त्री एकटेच होते. ते पाणी भरत असताना मीच त्यांना फोन केला की पाहुणे उद्याच येतात.

सकाळी मी त्यांच्या आधी तांड्यावर पोचलो. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. ओल्या किसातून गॅस जात नाही, आणि पिंपाशिवाय मिस्त्री इंजिनाला गॅस लावू देणार नाहीत, हे मला माहीत होतं. पाहुण्यांसमोर इंजिन नुसत्या डिझेलवर चालताना मला दिसत होतं. मी खालचा कॉक उघडला. पाणी शेणाच्या चरात वाहून गेलं. मी कॉक बंद केला, वाळावं म्हणून झाकण काढून ठेवलं आणि पाहुण्यांना घ्यायला डांबरी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मिस्त्रींना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ते नको म्हणाले असते.

पाहुण्यांना उशीर झाला. दोन तास पिंप उघडं राहिलं. मधल्या वेळात मिस्त्री आले. झाकण निघालेलं, वरचा कीस ओलसर. त्यांना वाटलं, देविदासने पाणी सोडून तयारी करून ठेवली. पाहुणे यायच्या आत कीस पसरून परत भरायचा, ही घाई. त्या दिवशी त्यांनी बोट घातलं नाही. देविदासला म्हणाले, काढ देवा. देविदासने दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

मी पाहुण्यांच्या गाडीतून उतरलो तेव्हा गोणपाट पेटलेलं होतं आणि चक्कीच्या शेडच्या बांबूच्या ताट्याला आग लागली होती. देविदास जमिनीवर बसून हात हवेत धरून ओरडत होता. मिस्त्री आगीच्या बाजूने आत शिरले, घुमटाकडून येणाऱ्या नळीची मुख्य चावी त्यांनी बंद केली आणि बाहेर आले. ते आत गेले नसते तर तांड्यातली कितीतरी माणसं वाचली नसती. हे वाक्य मी अहवालात लिहिलं नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात, देविदासला आत नेल्यावर, मिस्त्री व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन बसले. दाढी एका बाजूने करपली होती.

“साहेब, देवा म्हणते, त्यानं पाणी सोडलं नाही. म्हणते, पाणी होतंच कुठं? तुमी सकाळी होते ना तिथं. पिंपात पाणी होतं ना?”

मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं, मिस्त्री. तुम्हीच आठवून पाहा.”

त्यांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात बादली ओतल्यासारखा हळूहळू वर-खाली होऊ लागला. ओठ मोजत होते. “सातवीपर्यंत आठवते. मंग तुमचा फोन आला. मंग…” हात थांबला. “का हे मागच्या महिन्यातलंच आठवून राह्यलं मले?”

मी त्यांच्याकडे पाहत बसलो होतो. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. एक नर्स आली, तिने औषधाची चिठ्ठी दिली आणि मी ती घेऊन उठलो. उठताना मला हायसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

अहवालात मी लिहिलं: ‘स्थानिक सहायकाने कीस पाण्यात न भिजवता पिंप उघडल्यामुळे अपघात झाला.’ संस्थेने त्यांचं काम बंद केलं. वीस गावांचं काम मात्र मिळालं. पाहुण्यांनी दोष माणसाचा आहे, योजनेचा नाही, असं मान्य केलं. मी नागपूरला गेलो, प्रमुख झालो. अहवालाची एक प्रत नियमाप्रमाणे मिस्त्रींना पाठवली गेली होती. ती पाठवायची की नाही हे माझ्या हातात होतं.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी दिग्रसला उतरलो. बसस्थानकामागे पाय आपोआप वळले. पत्र्याच्या शेडच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. दुकानातल्या माणसाने सांगितलं, सत्तार चाचा दारव्हा रोडच्या कापसाच्या जिनिंगवर फाटकावर असतात.

कापसाचे दिवस होते. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. मिस्त्री प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, दाढी आता पांढरीच होती. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“अरे, गोबरगॅसवाले साहेब! या, या. मोठे झाले तुमी. पोटावरून दिसून राह्यलं.”

आम्ही बसलो. आत जिनिंगचं जनरेटर चालू होतं आणि ते नीट चालत नव्हतं. मला कळत होतं म्हणजे त्यांना पहिल्या ठोक्यालाच कळलं असणार. आतून एक माणूस हात पुसत आला. “चाचा, जरा पाहता का? सकाळपासून दम खाऊन राह्यलं.”

“कंपनीचा माणूस बोलाव,” मिस्त्री म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले. तो गेल्यावर मला म्हणाले, “म्या सोडलं, साहेब. त्या दिवसापासून इंजिनाले हात नाही लावला. हातावर भरोसा होता, पण डोक्याचा काय भरोसा? पाणी भरलं का नाही, एवढं ज्याले आठवत नाही, त्यानं लोकायच्या घरात आग घेऊन कायले जावं?”

मी विचारलं, देविदास कसा आहे.

“बोटं चिकटली त्याची. भाकर धरते, पण सदऱ्याची गुंडी नाही लावता येत. पह्यले पाच-सहा वर्षं मी दर ईदले शिरखुर्मा घेऊन जात जाऊ. माह्या हातानं चारत जाऊ त्याले. मंग तो एक दिवस म्हणे, चाचा, तुमी आले का मले तो दिवस आठवते. नका येत जाऊ.” मग म्हणाले, “खोटं नाही म्हटलं त्यानं.”

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते उठतील, शिवी देतील. मी त्याची तयारी करून ठेवली होती. त्यांनी मात्र मला बिघडलेलं इंजिन तपासावं तसे प्रश्न विचारले.

“कॉक तुमी उघडला?”

“हो.”

“झाकण?”

“मीच.”

“किती वाजता?”

“नऊ वाजले असतील.”

“म्हणजे दोन घंटे हवा खाल्ली त्यानं.” त्यांनी मान हलवली. बिघाड सापडला होता. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि त्यांनी मला विचारलं तेव्हा आवाजात राग नव्हता. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

“साहेब, मंग मी बारा वर्षं इंजिनाले हात काहून नाही लावला?”

मी म्हणालो, मी संस्थेला लिहून देतो, अहवाल दुरुस्त करायला लावतो, जे म्हणाल ते करतो.

“संस्थेचं काय करू मी? देवाले सांगा. आजच जा. पुसदची गाडी दोन वाजता हाय, फाट्यावर उतरवून द्यायले सांगा.” ते खुर्चीतून उठले. “मी सांगतलं तं त्याले वाटन, बुढा आता मरता मरता दुसऱ्यावर ढकलून राह्यला. तुमच्या तोंडानं सांगा. मले बाकी काही नाही पायजे.”

मी हो म्हणालो. रांगेतल्या गाडीने हॉर्न वाजवला आणि ते फाटक ओढायला गेले.

बसस्थानकावर दोन गाड्या उभ्या होत्या. पुसदच्या गाडीच्या पायरीवर मी एक पाय ठेवला होता, हे खरं आहे. मग देविदासची बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली. त्याची बायको ओट्यावर असेल, मुलं मोठी झाली असतील, सगळे ऐकतील. मी स्वतःला म्हणालो, पुढच्या आठवड्यात येऊ, नीट तयारीने. परतीची, यवतमाळची गाडी सुटत होती. मी तीत बसलो. त्या गोष्टीला आता पाच महिने झाले आहेत. तांड्यावर मी अजून गेलेलो नाही.

यवतमाळची गाडी दारव्हा रोडनेच जाते. जिनिंगपाशी कापसाच्या गाड्यांमुळे रस्ता अडला आणि आमची बस फाटकासमोर थांबली. मिस्त्री बाहेर येऊन गाड्या मागे घ्यायला लावत होते. त्यांनी मान वर केली. आधी बसच्या कपाळावरची पाटी वाचली, मग एकेक खिडकी पाहत पाहत माझ्या खिडकीपर्यंत आले. आमच्यात फार तर चार हातांचं अंतर होतं. त्यांनी बसच्या ड्रायव्हरला हात केला, वाट मोकळी आहे म्हणून, आणि आम्हाला पुढे जाऊ दिलं.